जुनं नाव, जुना पासवर्ड

१

येल्टारा या मेंढ्यांच्या मळ्यावरच्या घराच्या भिंती दोन फूट जाडीच्या, दगडी. नेव्हिलच्या खापरपणजोबांनी उन्हाळ्याला तोंड द्यायला बांधलेल्या, आणि ते काम त्या अजून चोख करतात. वाय-फायला मात्र त्यांनी कधी दाद दिली नाही. इंटरनेटची डिश घराच्या पश्चिम टोकाला, क्लेमच्या खोलीवरच्या पत्र्यावर. राउटर त्याच खोलीत, कपाटावर. तिथून निघालेला सिग्नल लांबलचक बोळात अर्ध्यावर येईस्तोवर धापा टाकायचा आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी राम म्हणायचा. अंगणापलीकडच्या लोकरीच्या शेडपर्यंत पोचायची तर गोष्टच सोडा.

क्लेम म्हणजे नेव्हिलचा बाप, आणि हे घर नि मेंढ्या सांभाळणाऱ्या लिओनीचा सासरा. ब्याऐंशी वर्षांचा, सकाळी शहाणा, दुपारनंतर जरा धुक्यात. जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, तो खोलीतच पडला. मनगटावर मदतीच्या बटणाचा पट्टा होता, त्याने ते दाबलंही. पण या मुलखात मोबाइलचा टॉवर नाही, पट्टा चालतो तो घरच्या नेटवर, आणि लिओनी होती शेडमध्ये मेंढ्या तोलत. चार तास म्हातारा थंड फरशीवर पडून राहिला. ती जेवायला आली तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

डेल्विन नावाची नर्स दर गुरुवारी गावातून यायची. तिने सरळ सांगितलं, "लिओनी, याच्या हाकेला तू जिथे असशील तिथे पोचायला हवं. तेवढी सोय कर. नाहीतर मी वृद्धाश्रमात खोली बघते."

"त्यापेक्षा मला गोळी घाल," क्लेम खाटेवरून म्हणाला. "म्हाताऱ्या कुत्र्यांना आपण तेच करतो."

"गोळ्या महागल्यात, डॅड," लिओनी म्हणाली. मग त्याच्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाली, "तुम्ही बटण दाबलंत की मी येणार. कुठेही असले तरी येणार. झालं?"

"बघू," म्हातारा म्हणाला. पण त्याने तिचा हात सोडला नाही.

तिने आणखी दोन राउटर मागवले. एक स्वयंपाकघराच्या खिडकीत, एक शेडमध्ये लोकर दाबायच्या यंत्राच्या वर. आणि त्या भागात सगळेच करतात तेच तिनेही केलं. तिन्हींना एकच नाव दिलं, तेही जुनंच, आणि पासवर्डही जुनाच, नेव्हिलने सहा वर्षांपूर्वी ठेवलेला. म्हणजे मेंढ्या तोलायचा काटा, टाकीची पातळी सांगणारी डबी, क्लेमचा पट्टा, कुणालाच पुन्हा काही शिकवावं लागत नाही. ज्याला नाव आणि पासवर्ड ठाऊक आहे तो आपला आपण, न विचारता आत येतो.

रविवारी चहाचा कप घेऊन तिने फोनवर यादी उघडली. कोणत्या राउटरला काय काय जोडलंय ते त्यात दिसतं. क्लेमची खोली: क्लेमचा पट्टा, रेडिओ. स्वयंपाकघर: लिओनीचा फोन, टाकी. शेड: काटा.

त्याखाली आणखी एक ओळ होती. नेव्हिलचा फोन.

२

नेव्हिल तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात, लांबच्या कुरणातला हौद बघायला म्हणून दुपारी गाडी घेऊन गेला. संध्याकाळी गाडी सापडली. दार उघडं, इंजिन चालू, पाण्याची बाटली भरलेली. तो सापडला नाही, आणि खिशातला फोनही नाही. शोधपथक नऊ दिवस फिरलं. मग गावाने आपल्यापुरतं ठरवून टाकलं की तो दूर क्वीन्सलँडला कुणाबरोबर तरी पळाला. लिओनीसमोर कुणी बोलत नसे, पण दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं. तेवढं कळायला काय लागतं!

तिने राउटर विकणाऱ्या रेक्सला फोन लावला.

"जुनी नोंद असणार गं," रेक्स म्हणाला. "नाव तेच ठेवलंस ना? मग जुनी भुतावळ वर येते कधीकधी. पुसून टाक."

"दोन वर्षं बंद पडलेला फोन जोडलेला दिसतो, असं होतं?"

"कॉम्प्युटर आहे, लिओनी. त्याला काय अक्कल असते?"

तिने ओळ पुसली. तिला हायसं वाटलं, आणि आत कुठेतरी वाईटही वाटलं. ते वाईट वाटणं तिने चहाबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती क्लेमची औषधं लावत होती. सहज यादी पाहिली. शेडच्या नावाखाली तीच ओळ पुन्हा. शेजारी वेळ: जोडला, तीन वाजून दोन मिनिटं. तेव्हा झाले होते तीन वाजून सहा.

जुनी नोंद चार मिनिटांपूर्वी कशी जोडली जाते?

ती डोक्यावर टोपी घालून निघाली. भर दुपार, डोळे दिपवणारं ऊन, उत्तरेचा तापलेला वारा. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं, असं तिने स्वतःला दोनदा सांगितलं. शेडमध्ये चरबीने काळ्या, गुळगुळीत झालेल्या फळ्या, पत्र्याच्या भोकांतून आलेले उन्हाचे कवडसे, आणि उद्या तोलायच्या साठ मेंढ्या. या मेंढ्या एरवी वाड्यात पसरून रवंथ करत उभ्या असतात. आज त्या एकाच कोपऱ्यात, एकमेकींच्या पाठीवर चढायच्या बेतात, गच्च दाटल्या होत्या. साठच्या साठ. आणि त्यांची तोंडं भिंतीकडे होती.

"कोण आहे?" ती म्हणाली.

एकही मेंढी ओरडली नाही. पत्रा उन्हाने ताणला जाऊन टणटणला, बस्स. तिने यंत्रामागे पाहिलं, लोकरीच्या गठ्ठ्यांमागे पाहिलं, फळ्यांच्या फटींतून खालच्या अंधारातही पाहिलं. काही नव्हतं. तीन वाजून वीस मिनिटांनी यादीतली ओळ गेली. मेंढ्या हळूहळू सुट्या झाल्या.

३

पुढचे चार दिवस रोज तेच. तीनला यायचा, वीस मिनिटांनी जायचा.

लिओनी काही भाबडी बाई नव्हे. वीस वर्षं हजारो मेंढ्यांचा हिशेबी कारभार केलेली. तिने स्वतःला धारेवर धरलं. काट्यात बिघाड असेल. कुणी मुलुखभर फिरणारा माणूस शेडमध्ये झोपत असेल, त्याला फोन कुठे सापडला असेल. पण पायाचा ठसा नाही, सिगारेटचं थोटूक नाही, आणि शेडच्या दाराला बाहेरून कडी घालून ठेवली तरी तीन वाजता ओळ उगवायचीच.

मग शुक्रवारी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. ती शेडकडून घराकडे येत होती, फोन हातात. अंगण दोनशे पावलांचं. मधोमध आल्यावर तिचाच फोन नेटवरून सुटला. शेडचा सिग्नल संपला होता, घराचा अजून आला नव्हता. ती तिथेच उन्हात उभी राहिली.

तो वीस मिनिटांनी निघून जात नव्हता. तो घराकडे यायला निघत होता. आणि इथे, या मधल्या टापूत, हरवत होता.

आता सांगायला हवं ते सांगतो. तिने घाबरायला हवं होतं. ती घाबरलीही. पण दोन वर्षं जिने रोज एक ताट जास्त काढून परत ठेवलं, दुकानातलं थांबलेलं बोलणं ऐकलं, तिच्या भीतीखाली दुसरंच काहीतरी होतं. तो पळाला नव्हता. तो इथेच कुठेतरी होता आणि घरी येऊ बघत होता, एवढंच तिला त्या क्षणी दिसलं. तिला रडू आलं. त्या अंगणात, वाऱ्यात, ती एकटीच उभी राहून रडली.

शनिवारी तिने चौथा राउटर आणला. अंगणाच्या मधोमध पंपाची पत्र्याची खोली आहे, तिथे विजेची सोय होती. तिने तो तिथे लावला. नाव जुनं, पासवर्ड जुना. डेल्विनला सांगितलं नाही, रेक्सला सांगितलं नाही, क्लेमला तर मुळीच नाही.

त्या दुपारी तिने स्वच्छ शर्ट घातला, जाळीचं दार उघडं टाकलं आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी फोन समोर ठेवून बसली. दोन कप चहा ओतला. आपण काय करतोय ते तिचं तिलाच कळत होतं, तरी तिने दुसऱ्या कपात दोन चमचे साखर घातली.

तीन वाजून दोन मिनिटं. शेड.

तीन वाजून एकवीस. पंपाची खोली.

ती खिडकीशी गेली. पंपाच्या खोलीचं दार वाऱ्याने हलत होतं. की वाऱ्याने नव्हतं? चिलटांचा एक थवा दाराशी घोंगावत होता, आणि मग तो मधोमध दुभंगला, माणूस मधून चालत गेल्यावर दुभंगतो तसा.

तीन वाजून चाळीस. स्वयंपाकघर.

"नेव्ह?" ती म्हणाली.

फ्रिजची घरघर. नळाचा एक थेंब. टेबलापाशी, खुर्चीपाशी, चुलीपाशी कुणी नव्हतं. मात्र बोळातून बारीक आवाज यायला लागला. टक. जरा वेळ थांबून पुन्हा टक. बोळात एका ओळीत लाकडी खुंट्या आहेत, घरातल्या प्रत्येकाची आपापली, टोप्यांसाठी. ती उठून गेली तेव्हा सगळ्या टोप्या झुलत होत्या.

चहा तसाच गार झाला. पण त्या रात्री, दोन वर्षांत पहिल्यांदा, ती सलग झोपली.

४

मंगळवारी सकाळी ती क्लेमची दाढी करत होती. सकाळ म्हणजे म्हातारा अगदी शुद्धीवर, जिभेला धार.

"मान वर, डॅड. नाहीतर कान जाईल."

"एक गेला तरी चालेल. दुसऱ्याने तुझं ऐकायचं नाही." मग फेस लावलेल्या गालाने तिच्याकडे बघत म्हणाला, "दुपारी बोळात जो उभा असतो, त्याला तू आत घेतलंस का?"

तिचा वस्तरा हवेतच राहिला. "तुम्हाला दिसतो?"

"दाराच्या फटीतून. अर्धामुर्धा."

ती खाटेच्या कडेवर बसली. "डॅड, मी तुम्हाला सांगणारच होते. मला वाटलं तुम्ही घाबराल. त्याचा फोन रोज येतो. आधी शेडमध्ये यायचा. मी मध्ये एक राउटर लावला म्हणून आता घरापर्यंत पोचतो. आपला नेव्ह आलाय, डॅड."

क्लेमने तिच्याकडे पाहिलं. मायेनेच पाहिलं, आणि त्यामुळेच तिला भीती वाटली.

"पोरी," तो म्हणाला, "त्याच्याकडे नेव्हचा फोन आहे. तो नेव्ह आहे असं मी म्हटलं का?"

"म्हणजे?"

"माझ्या पोराची खुंटी कितवी?"

"दारापासून तिसरी."

"चार वर्षांचा असल्यापासून तो झोपेतसुद्धा तिथे टोपी लावायचा. हा एकेक खुंटी चाचपतो. पहिली, दुसरी, पाचवी, परत पहिली. आंधळा माणूस नवं घर चाचपतो ना, तसा." क्लेमने तिचं मनगट धरलं. त्याची बोटं गार होती. "शिकतोय तो, लिओ. आपलं घर शिकतोय. काल माझ्या दाराच्या मुठीपर्यंत आला होता."

"दुपारी तुम्हाला कधीकधी भास होतात," ती म्हणाली. तसंच असावं असं तिला हवं होतं म्हणून म्हणाली.

"होतात. पण आता सकाळचे नऊ वाजलेत."

५

तिने ठरवलं, तीनच्या आत सगळे राउटर काढायचे. फक्त क्लेमच्या खोलीतला ठेवायचा, पट्ट्यासाठी. उद्यापासून शेडमध्ये जायचं नाही, घर सोडायचं नाही, मेंढ्या गेल्या खड्ड्यात. बुधवारी डेल्विनला फोन करायचा, रेक्सला बोलवायचं, नाव बदलायचं, पासवर्ड बदलायचा. सगळं नवं.

पण दोन वाजता तीसेक मेंढ्या कुंपण मोडून रस्त्यावर गेल्या. मेंढ्यांना मुहूर्त कळत नाही. त्यांना हाकून आणून वाड्यात घालेपर्यंत ती घामाने निथळली, आणि शेडमध्ये पोचली तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

यादी पाहिली. शेड: काटा, लिओनीचा फोन, नेव्हिलचा फोन.

म्हणजे या चार पत्र्यांच्या आत. आत्ता. ती धरून दोघं. वाड्यातल्या मेंढ्या तोंडं फिरवून दाटल्या होत्या, आणि त्यांची पाठ तिच्याकडे नव्हती, तिच्या डाव्या हाताला, गठ्ठ्यांच्या बाजूला होती. तिकडे न बघता ती यंत्रावर चढली आणि तिने प्लग उपटला.

थोड्या वेळाने यादी हलली. पंपाची खोली: लिओनीचा फोन, नेव्हिलचा फोन.

पळाला, तिला वाटलं. ती अंगणातून धावली. पंपाच्या खोलीचं दार लाथेने उघडलं, आत पाहिलंच नाही, हात घालून वायरच ओढली. घराकडे पळता पळता सिग्नल परत आला, पुन्हा यादी. स्वयंपाकघर. ती धावली. जाळीचं दार तिच्यामागे आपटलं. खिडकीतला राउटर तिने प्लगसकट ओढून जमिनीवर टाकला, त्याचा दिवा विझला, आणि ती टेबल धरून धापा टाकत उभी राहिली. संपलं. तिन्ही बंद.

मेंढ्या कोंडायच्या कशा, ते तिला वयाच्या सातव्या वर्षी बापाने शिकवलं होतं. सगळ्यात लांबचं फाटक आधी बंद. मग त्याच्या अलीकडचं. मग त्याच्या अलीकडचं. मागे फिरायला वाट ठेवायची नाही, म्हणजे कळप आपोआप पुढे सरकतो, शेवटच्या वाड्यात. हाताला इतकी सवय की डोक्याला विचारावं लागत नाही.

आजही आपण तेच केलं, ते तिला आत्ता कळलं. टेबल धरून उभी असताना.

बोळाच्या तोंडाशी जाऊन तिने फोन वर धरला. सिग्नलची एकच रेघ. यादी उघडायला वेळ लागला. एकच राउटर उरला होता.

क्लेमची खोली: रेडिओ, क्लेमचा पट्टा, लिओनीचा फोन. नेव्हिलचा फोन.

"डॅड!" ती ओरडली.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन किंचाळायला लागला. पट्ट्याचं बटण. म्हातारा तिला बोलवत होता.

ती बोळातून पळाली. बोळ सव्वीस पावलांचा, तिने हजारदा ओलांडलेला. बाजूने टोप्या झुलत होत्या, एक खाली पडली होती, ती तिच्या पायात आली. तिने दिलेला शब्द एकच होता आणि तो एवढा लहान होता. बटण दाबलंत की मी येणार. देवा, तिने मनात म्हटलं, तो कोणीही असो, मला आधी पोचू दे.

दारापासून पाचेक पावलांवर असताना फोन वाजायचा थांबला. ती दचकून थबकली. ते किंचाळणं आपोआप थांबत नाही. कुणीतरी उत्तर द्यावं लागतं.

दाराआडून आवाज आला. "आले हो डॅड, आले. घाबरू नका."

बाईचा आवाज. थोडा धापा टाकत असलेला, काळजीने चढलेला. लिओनीने तो याआधी फक्त फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकला होता. तिचा स्वतःचा आवाज.

"कुठे होतीस गं, पोरी?" क्लेम आत म्हणाला. त्याच्या आवाजात रडू होतं. "मला वाटलं, आज काही तू येत नाहीस."

"इथेच होते. द्या हात इकडे. हां, असा."

लिओनीने मूठ फिरवली आणि दार ढकललं.

खोलीत पडदे अर्धे ओढलेले, उन्हाचा एक पट्टा फरशीवर. क्लेम खाली पडला होता आणि त्याच्याजवळ कुणीतरी गुडघ्यावर वाकलं होतं, दाराकडे पाठ करून. केस मानेशी रबराने बांधलेले, चौकड्यांच्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, पाठीवर घामाचा तोच डाग. एका हातात मातीने लडबडलेला फोन. दुसरा हात म्हाताऱ्याच्या काखेखाली, पडलेल्या माणसाला उठवायचं कसं ते नीट शिकून घेतल्यासारखा. क्लेमने दोन्ही हातांनी त्या मानेला मिठी घातली होती. तो हळूहळू वर उचलला जात होता, आणि त्याचं डोकं त्या खांद्यावर विश्वासाने टेकलं होतं.

"डॅड," लिओनी म्हणाली. आवाज निघालाच नाही, नुसती हवा निघाली.

पण म्हाताऱ्याला काहीतरी जाणवलं. त्याने डोळे उघडले. खांद्यावरून त्याने दाराकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने ती मान आणखी घट्ट धरली.

"लिओ," तो त्या मानेशी तोंड नेऊन कुजबुजला, "दारात ती कोण उभी आहे गं?"